सभेचे भय आणि सभेचे कर्तव्य

अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात 'बलसुत्त' नावाचे एक छोटे सुत्त आहे. माणसाला ग्रासणाऱ्या पाच भयांचा उल्लेख तथागतांनी त्यात केला आहे : उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, सभेत गांगरून जाण्याचे भय, मृत्यूचे भय आणि दुर्गतीचे भय. यांतील तिसऱ्या भयाला पालीत 'परिससारज्जभय' म्हणतात. 'परिसा' म्हणजे परिषद, सभा. आणि 'सारज्ज' म्हणजे संकोचाने गोठून जाणे. चार लोकांसमोर उभे राहिल्यावर घशाला पडणारी कोरड ही उपासमारीच्या आणि मरणाच्या भयाबरोबर एकाच पंक्तीत बसावी, हे प्रथम वाचताना नवल वाटते. परंतु ज्याने एखाद्या घाबरलेल्या मुलाला ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिलेले पाहिले आहे, त्याला यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

शाळेच्या या स्मरणिकेत आम्हाला याच भयाविषयी काही लिहावेसे वाटते. कारण आपल्या निवासी शाळेत त्याचे एक विलक्षण रूप रोज पाहावयास मिळते. सकाळच्या वंदनेला शे-दीडशे मुले एका सुरात त्रिसरण-पंचशील म्हणतात, तेव्हा सभागृह भरून जाते. कोणाचाही आवाज चिरकत नाही, कोणीही शब्द गाळत नाही. त्याच मुलांपैकी एकाला अर्ध्या तासाने परिपाठात एकट्याने बातम्या वाचावयास उभे केले की, त्याचे खांदे आक्रसतात, नजर पायांच्या अंगठ्याकडे जाते आणि खणखणीत आवाजाची कुजबुज होते. कंठ तोच, सभागृह तेच, समोरचे मित्रही तेच. बदललेले असते ते इतकेच, की समूहात मिसळलेला आवाज आता एकटा पडलेला असतो. 'आम्ही' म्हणणाऱ्या मुलाला 'मी' म्हणावयाचे असते. हे अंतर त्याने कसे पार करावे आणि ते पार करताना त्याला कोणी हात द्यावा, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला घरोघरी दिली जाणारी दोन उत्तरे सर्वांच्या परिचयाची आहेत. पहिले उत्तर असे, की 'समोर दगड बसले आहेत असे समज आणि बोल.' दुसरे म्हणजे मोठ्या माणसाने लिहून दिलेले भाषण. चौदा एप्रिल किंवा सहा डिसेंबर जवळ आला की वहीच्या पानावर ते उतरवून घेतले जाते. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' येथून सुरू होते आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' येथे थांबते. मूल ते घोकते, एका दमात म्हणते, टाळ्या घेते आणि मंचावरून पळ काढते. ही दोन्ही उत्तरे प्रेमापोटी दिलेली असतात, यात शंका नाही. परंतु एक उत्तर श्रोत्याला दगड करते आणि दुसरे वक्त्याला ध्वनिमुद्रिका करते. दगड आणि ध्वनिमुद्रिका यांची सभा होऊ शकत नाही. घोकलेल्या भाषणातील एक वाक्य निसटले की मूल पुढचे सारेच विसरते, कारण त्या वाक्यांच्या मागे उभे राहण्यासाठी त्याचा स्वतःचा विचार नसतो. असा एक प्रसंग घडला, की ते मूल पुढे कित्येक वर्षे मंचाकडे फिरकत नाही.

बलसुत्तात भयांबरोबर उपायही सांगितलेला आहे. प्रज्ञाबल, वीर्यबल, अनवद्यबल आणि संग्रहबल ही चार बले ज्याच्यापाशी आहेत, तो त्या पाचही भयांच्या पलीकडे जातो. सभाधीटपणा ही जन्मतः मिळालेली देणगी आहे, असा एक समज आपल्या समाजात पक्का रुजलेला आहे. 'त्याची जीभच चुरुचुरु चालते', 'आमची मुलगी मुळातच बुजरी' अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो. या सुत्ताची दृष्टी निराळी आहे. बल हे कमवावयाचे असते. म्हणून या चारही बलांचा शाळेच्या अंगाने विचार करणे आम्हाला उपयुक्त वाटते.

प्रज्ञाबलाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याला बाबासाहेबांच्या चरित्रात सापडते. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी अचानक बाबासाहेबांचे नाव पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आपली पाळी आलीच तर दुसऱ्या दिवशी येईल, अशी त्यांची समजूत होती. उठल्याबरोबर त्यांनी ही गोष्ट सभागृहाला मोकळेपणाने सांगितली : हे निमंत्रण अनपेक्षित आहे, आज आपण कोणतीही तयारी करून आलेलो नाही आणि वेळही दहाच मिनिटांचा आहे. सभागृहात बहुमत काँग्रेसचे होते आणि त्या पक्षाशी त्यांचा दीर्घ काळ संघर्ष झालेला होता. अशा सभेपुढे त्यांनी अखंड आणि बलवान देशाची भूमिका मांडली, घाईने ठराव संमत न करता सर्वांना बरोबर घेण्याचा आग्रह धरला आणि सभागृहाने ते लक्षपूर्वक ऐकले. ठरावाचा निर्णय पुढे लांबणीवर पडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला.

या प्रसंगातून 'बाबासाहेब तयारीशिवाय बोलू शकत' एवढाच बोध घेणे अपुरे ठरेल. त्या दिवसाचे टिपण हाती नव्हते, हे खरे; पण त्या विषयाची तयारी जवळजवळ तीन दशके चालू होती. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे दिलेली साक्ष, १९२७ पासूनचे मुंबई विधिमंडळातील काम, १९३० ची गोलमेज परिषद, व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूरमंत्रिपद, ही सारी त्या दहा मिनिटांच्या पाठीशी उभी होती. ज्याला विषय ठाऊक असतो, त्याला शब्द शोधावे लागले तरी विचार शोधावा लागत नाही. म्हणून मुलाला भाषण लिहून देण्याऐवजी विषय द्यावा, पुस्तक द्यावे, आणि 'तुला यातले काय पटले, काय पटले नाही' हे विचारावे. कागदावर पूर्ण वाक्यांऐवजी चार मुद्दे असावेत. आणखी एक धडा त्या पहिल्या वाक्यांत आहे. आपली अडचण लोकांसमोर साध्या शब्दांत सांगण्यात कमीपणा नाही. 'मी पहिल्यांदाच बोलत आहे, चुकले तर सांभाळून घ्या' असे म्हणणाऱ्या मुलाला कोणीही दुबळे समजू नये.

दुसरे वीर्यबल, म्हणजे सातत्याने केलेला प्रयत्न. येथे शरीराची बाजू समजून घेणे आवश्यक आहे. उभे राहण्यापूर्वी छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंड कोरडे पडते, आवाजाला कंप सुटतो. संकट समोर दिसले की शरीर अॅड्रेनालिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते आणि पळण्याची किंवा झुंजण्याची सिद्धता करते. त्याचाच हा परिणाम. हे शरीर निकामी होण्याचे लक्षण नाही, हे मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आनापानसतीचा येथे थेट उपयोग आहे. नाव पुकारले जाण्यापूर्वी पाच-सात श्वास जाणीवपूर्वक घ्यावेत, सोडताना अधिक सावकाश सोडावेत. धडधड थांबली नाही तरी आटोक्यात येते. दुसरी गोष्ट मानसशास्त्राची आहे. वक्त्याला वाटते, की आपली घबराट सर्वांना स्पष्ट दिसत आहे. प्रत्यक्षात श्रोत्यांना ती त्याच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच कमी दिसते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही गोष्ट ज्या वक्त्यांना आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. एवढे साधे ज्ञानही धीर देते.

पण श्वास आणि ज्ञान यांनी पायाभरणी होते. भिंत उभी राहते ती सरावाने. आणि सराव लहान सभेपासून सुरू झाला पाहिजे. बोधिप्राप्तीनंतर आपला धम्म लोकांना समजेल काय, या विचाराने स्वतः तथागतही क्षणभर उपदेशास प्रवृत्त होईनात, असे अरियपरियेसन सुत्तात सांगितले आहे. त्यानंतर सारनाथला जी पहिली देशना झाली, तिला श्रोते किती होते? पाच. जगातील एका महान धम्माचा आरंभ पाच श्रोत्यांपुढे झाला आणि आपण मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्याच वेळी पाचशे माणसांपुढे उभे करतो. तेही वार्षिक स्नेहसंमेलनात, पालक मोबाइल उंचावून चित्रण करीत असताना!

तिसरे अनवद्यबल, म्हणजे ज्यात दोष काढण्याजोगे काही नाही अशा आचरणाचे बल. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगामच्या उपासकांना शीलाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांतील एक असा, की शीलवान माणूस क्षत्रियांच्या, ब्राह्मणांच्या, गृहपतींच्या किंवा श्रमणांच्या, कोणत्याही परिषदेत गेला तरी मान खाली न घालता, विश्वासाने प्रवेश करतो. सभांची ही यादी आपण सावकाश वाचावी. जन्माने, धनाने किंवा विद्येने मोठ्या समजल्या जाणाऱ्या मंडळींसमोर सामान्य उपासकाने ताठ मानेने जावे, हे तेथे गृहीत धरले आहे आणि त्यासाठी शीलाखेरीज दुसरी कोणतीही पात्रता मागितलेली नाही. मुलांच्या बोलण्याला हे सूत्र लावले तर त्याचा अर्थ सोपा आहे. जे आपल्याला माहीत आहे, जे आपण मानतो, तेच बोलावे. आपण रोज चौथे शील ग्रहण करतो आणि मग मुलाच्या तोंडी त्याला न समजलेली वाक्ये त्याचीच म्हणून घालतो. यात विसंगती आहे. उसने वाक्य सांभाळताना मन धास्तावते. स्वतःचे वाक्य मोडके असले तरी ते आपलेच असते आणि पुन्हा जुळवता येते.

चौथे बल संग्रहबल. दान, प्रिय वाणी, हितकारक आचरण आणि समानतेची वागणूक यांनी माणसे जोडणे, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या मते या लेखाचा गाभा येथे आहे. पहिली तीन बले वक्त्याने कमवावयाची. हे चौथे बल वक्ता आणि सभा यांच्यामध्ये निर्माण व्हावयाचे. भय एकट्या मुलाच्या छातीत उत्पन्न होत नाही. ते सभेत उत्पन्न होते. मागच्या रांगेतून आलेले एक हसू, शिक्षकाने मध्येच केलेली एक दुरुस्ती, पाहुण्यांची मनगटाकडे गेलेली नजर, यांनी ते उत्पन्न होते. म्हणून सभाधीट मुले घडवावयाची असतील, तर आधी ऐकणारी सभा घडवावी लागेल.

आपल्या समाजातील मुलांच्या बाबतीत हे हसू बहुधा भाषेवर येते. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातून असो, मुलुंडहून, अंधेरीहून किंवा बोरिवलीहून असो, मुले आपापल्या घरची मराठी घेऊन येतात. कोणाच्या घरी मराठवाड्याची बोली आहे, कोणाच्या विदर्भाची, कोणाच्या कोकणातली. वस्तीतल्या हिंदीचाही तिच्यात मिलाफ झालेला असतो. 'पाणी' ऐवजी 'पानी' असा उच्चार झाला की वर्गात खसखस पिकते. ते मूल त्या दिवसानंतर 'ण' असलेला शब्द टाळू लागते आणि पुढे बोलणेच टाळू लागते. महाविद्यालयात गेल्यावर हीच गोष्ट इंग्रजीबाबत घडते. तोंडी परीक्षेत किंवा नोकरीच्या मुलाखतीत उत्तर ठाऊक असूनही मुलगा गप्प राहतो आणि समोरचे त्या मौनाला अज्ञान समजतात. ज्या समाजाच्या गुणवत्तेवर आजही येता-जाता शंका घेतली जाते, त्याच्या मुलांना हे मौन फार महागात पडते.

या हसण्याला विनयपिटकाच्या चुल्लवग्गात फार जुने उत्तर आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या, सुस्वर वाणीच्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली, की नाना गोत्रांचे, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. आपण ते छंदोबद्ध करू या. तथागतांनी त्यांना नकार दिला आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया', म्हणजे स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. या शब्दांचा अर्थ अट्ठकथेत निराळा लावलेला आहे. पण तक्रार कशाबद्दल होती आणि ती मान्य झाली नाही, याविषयी दुमत नाही. प्रमाण मराठी आणि इंग्रजी मुलांनी शिकलीच पाहिजे, उत्तम शिकली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. मात्र ती शिकेपर्यंत मुलाने तोंड मिटून बसावे, हे आम्हाला मान्य नाही. उच्चाराची दुरुस्ती नंतर, एकांतात, मायेने व्हावी. सभेत फक्त ऐकावे.

बोलणे हा आपल्या लोकांसाठी केवळ कलागुणांचा विषय कधीच नव्हता. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी आपले पहिले पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांना वाणी असून बोलू दिले गेले नाही, त्यांचा तो नायक. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद भरली आणि तिला हजारो स्त्रिया आल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या कितीतरी स्त्रिया त्या काळात सभांमधून बोलू लागल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथात अशा कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती संग्रहित केल्या आहेत. प्रत्येक पालकाने आपल्या मुलीला तो वाचावयास द्यावा. संविधान सभेतील एकमेव दलित स्त्री सदस्य दाक्षायणी वेलायुधन अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९ डिसेंबर १९४६ रोजी, त्याच उद्दिष्टांच्या ठरावावर बोलल्या. त्याहून मागे जावे, तर भिक्खुणींमध्ये धम्मकथनात अग्रगण्य म्हणून तथागतांनी धम्मदिन्नेचे नाव घेतले आहे. पूर्वाश्रमीच्या पतीने विचारलेल्या एकामागून एक अवघड प्रश्नांना तिने दिलेली उत्तरे चूळवेदल्ल सुत्तात आजही वाचता येतात. आपल्या घरातील मुलीने 'मला नाही जमणार' असे म्हटले, तर ही परंपरा तिची आहे, हे तिला सांगणारे कोणीतरी असावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. धम्मात मौनालाही मोठे स्थान आहे. प्रत्येक मुलाने वक्ता व्हावे असा आग्रह का? आमचा तसा आग्रह नाही. जे मूल स्वभावतः मितभाषी आहे, त्याने तसेच राहावे. परंतु स्वेच्छेने पाळलेले मौन आणि भीतीने लादलेले मौन यांत भेद आहे. पहिल्यात माणूस हवे तेव्हा बोलू शकतो. दुसऱ्यात अन्याय डोळ्यांसमोर घडत असतानाही बोलू शकत नाही. आपल्याला फर्डे वक्ते नकोत. गरज पडेल तेव्हा उभे राहून चार वाक्ये नीट सांगू शकणारे नागरिक हवेत. वक्तृत्व स्पर्धांविषयीही आमचे म्हणणे एवढेच आहे, की त्या असाव्यात; पण वर्षानुवर्षे त्याच तीन-चार मुलांना ढाली मिळत असतील आणि उरलेली मुले केवळ टाळ्या वाजवीत असतील, तर शाळेचे काम झाले असे समजू नये.

म्हणून काही सूचना मांडतो. शाळेत दर आठवड्याला प्रत्येक मुलाला, गुण आणि बक्षीस यांशिवाय, दोन मिनिटे बोलण्याची संधी मिळावी. आरंभी पाच श्रोत्यांसमोर, मग वर्गासमोर, मग परिपाठात. मुलाला अडखळण्याचा, थांबण्याचा आणि पुन्हा सुरू करण्याचा अधिकार असावा. ऐकणाऱ्यांसाठी एकच नियम असावा : हसावयाचे नाही, मध्ये बोलावयाचे नाही आणि शेवटी एक तरी प्रश्न विचारावयाचा. वस्तीतील बुद्धविहारांच्या आणि जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती अशी, की मुलांची भाषणे कार्यक्रमाच्या आरंभी ठेवावीत. मान्यवरांचे सत्कार लांबतात, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि सकाळपासून तयारीत बसलेल्या मुलीला पावणेदहाला 'बेटा, एका मिनिटात आटप' असे सांगितले जाते. यातून तिच्या मनावर काय बिंबते, याचा विचार व्हावा.

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत अकरा क्रमांकाचे प्रशस्त लेणे आहे. लोक त्याला 'दरबार' म्हणतात. आत जमिनीलगत कोरलेले दोन लांबलचक दगडी बाक आहेत. तेथे राहणाऱ्या भिक्खूंनी कित्येक शतकांपूर्वी एकमेकांसमोर बसता यावे म्हणून पाषाणात एवढी जागा कोरून घेतली. आपल्या मुलांना आपण तेवढी जागा कोरून दिली पाहिजे आणि त्यासाठी छिन्नीची गरज नाही. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड पसरलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वकील आहे, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी बेस्टमध्ये. त्यांनी महिन्यातून एका रविवारी शाळेत यावे. व्याख्यान देण्यासाठी येऊ नये. पाच श्रोत्यांपैकी एक होऊन बसावे, एका मुलाचे दोन मिनिटांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे आणि मग त्याला एक प्रश्न विचारावा.